भुईचं वजन

ज्ञानू हवालदारांची आणि माझी ओळख वजनकाट्यावर झाली. सांगलीच्या बाजारात माझं हळदीचं आडत दुकान होतं. सौदा ऐन रंगात आला होता, रुमालाखाली व्यापाऱ्यांची बोटं भाव करत होती, आणि तेवढ्यात एक उंच, काटक माणूस खांद्यावर जीपचं चाक घेऊन पोत्यांच्या रांगेतून सरळ आत आला. अंगात खाकी शर्ट, खाली धोतर, मिशा फौजी पद्धतीनं कातरलेल्या. त्यानं कुणाला न विचारता चाक माझ्या काट्याच्या फळीवर ठेवलं आणि मल्लाप्पा तोलाराला म्हणाला, "बोला, किती भरलं?"

मल्लाप्पाचा उभा जन्म हळद तोलण्यात गेलेला. त्यानं आधी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. धंद्याच्या वेळी गादी सोडायची नाही, असा माझ्या वडिलांचा दंडक होता, पण त्या दिवशी मी उठलो. "चाक विकायचं आहे का?" मी विचारलं.

"विकून घरी काय त्वांड घिऊन जाऊ? जीप भाईर दगडावर हुबी हाय," ते म्हणाले. "मला निस्तं वजन पायजे. गाडी किती पळती, किती त्याल खाती, सगळं इचारून झालं. पर हिच्या चाकाचं वजन किती, ते सातारा-सांगलीत एका बी मानसाला ठावं न्हाई. तुमास्नी हाय का?"

मलाही ठाऊक नव्हतं. आणि गंमत अशी की, त्या क्षणापर्यंत ते आपल्याला ठाऊक नाही याचं मला काही वाटलंही नव्हतं. मी मल्लाप्पाला म्हटलं, तोल. चाकामागून ब्रेकचा ड्रम आला, ड्रममागून शॉकअप आला, आणि सौदा संपेपर्यंत दुकानासमोर हळदीपेक्षा लोखंड जास्त झालं.

हवालदार उंब्रजपासून आत डोंगराकडे असलेल्या एका लहान गावचे. घरचा थोडा ऊस होता, तो धाकटा भाऊ बघायचा. हे फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते. निवृत्त झाल्यावर पुण्याच्या लिलावात त्यांनी एक थकलेली जीप घेतली आणि तिला पुन्हा माणसांत आणली. त्यांना एक खोड होती. दिसेल ती वस्तू ते हातात घेत, दोनदा खालीवर करत आणि वजन सांगत. लिंबू असो, कंदील असो, नाहीतर कुणाचं तान्हं पोर असो. पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला बसले तेव्हा माझ्या बायकोनं पुढे ठेवलेलं ताटच उचलून म्हणाले, "वैनी, पितळ दमदार हाय. माहेरचं दिसतंय." ते माहेरचंच होतं. बायको त्या दिवसापासून त्यांच्या बाजूची झाली.

पण चाक तोलायला ते खोडीपायी आले नव्हते. त्यांची बायको, हौसाबाई, हिच्या मणक्याला क्षय झाला होता. मिरजेच्या दवाखान्यात तिला छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरचं जाकीट घातलेलं, आणि ते ठरावीक मुदतीनं काढून नवं घालायला तिला मिरजेला आणावं लागे. जीपच्या मागच्या भागात गादी टाकून ते तिला आणत. गावापासून उंब्रजपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसते धोंडे. प्रत्येक हादऱ्याला ती कळवळायची. दुसऱ्या खेपेनंतर तिनं सांगून टाकलं होतं, "आता मला न्हिऊ नगा. मरायचं तर हितंच मरीन, पर त्या गाडीत चडनार न्हाई." आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की, खेप चुकली तर पायातली ताकद जाईल, मग ती पुन्हा उभी राहायची नाही.

दुसरा एखादा नवरा बायकोवर ओरडला असता, नाहीतर देवाला कौल लावून बसला असता. हवालदारांनी जीपखाली सतरंजी टाकली आणि हादरा नेमका येतो कुठून हे बघायला उताणे झोपले. आधी त्यांनी सगळे करतात तेच केलं, स्प्रिंगच्या पाट्यांमधले दोन पाटे काढून टाकले. गाडी डुलायला लागली, पण आदळायची थांबली नाही. मग त्यांना वर्कशॉपातल्या एका साहेबानं कधीतरी फळ्यावर काढून दाखवलेलं आठवलं.

ते त्यांनी मला समजावलं ते असं. "आण्णा, गाडीत दोन वजनं असत्यात. पाट्याच्या वरचं ते आपलं वजन. मानसं, पत्रा, इंजन, समदं. पाट्याच्या खालचं ते भुईचं. चाक, ड्रम, आक्सल. ते भुईबरूबर उडतं, भुईबरूबर पडतं, ते आपलं ऐकत न्हाई. आता शेळीनं रेड्याला धडक दिली, तर रेडा मान बी वळवत न्हाई. पर रेड्यानं शेळीला दिली, तर शेळी गावाभाईर. माज्या जीपमदी रेडा खाली हाय आनि शेळी वर हाय. त्या शेळीवर आमची मालकीन झोपलीया."

इतकं साधं मला आजवर कुणी समजावलेलं नाही. मी विचारलं, "मग रेडा किती आणि शेळी किती?"

"तेच तर तोलतुया," ते म्हणाले.

हळदीचा हंगाम सरत आला होता, मागचं आवार मोकळं होतं. मी त्यांना ते देऊन टाकलं. ते सकाळच्या एस्टीनं येत, जीपचा एकेक भाग सोडवत, पुसत आणि फळीवर ठेवत. खरी पंचाईत पाट्याची होती, कारण तो एका अंगाला आक्सलला बांधलेला आणि दुसऱ्या अंगाला गाडीला. तो भुईचा धरायचा की आपला? हवालदारांनी त्याचा निकाल शेतकऱ्यासारखा लावला. "ही सामाईक हीर हाय. निम्मी भुईची, निम्मी आमची." पण निम्मं म्हणजे अंदाजानं निम्मं नव्हे. शॉकअपचं खालचं टोक काट्याच्या फळीवर आणि वरचं टोक फळीच्याच उंचीला रचलेल्या विटांवर ठेवून, काटा जेवढं दाखवील तेवढंच भुईचं, असा त्यांचा हिशेब. पाट्याचंही तसंच. मल्लाप्पाला ते बघवत नव्हतं.

"निम्मा माल फळीवर, निम्मा विटेवर," तो पुटपुटला. "असला सौदा मी बापजन्मात तोलला न्हाई की हो, आण्णा."

पण तोलला मात्र त्यानं सगळा. तो वजन उच्चारी आणि हवालदार ते मनात साठवत. त्यांची बेरीज तोंडी चाले, डोळे मिटून. शेवटी त्यांनी निवाडा दिला. खालचा रेडा काही बारीक करता यायचा नाही, कारण चाक लागणारच आणि आक्सलही लागणारच. तेव्हा वरच्या शेळीचा रेडा करायचा. गाडीत वजन घालायचं. भरलेली बैलगाडी मऊ चालते हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत आहे, पण किती भरली म्हणजे मऊ चालेल हे कुणी काढलं नव्हतं. हवालदारांच्या हिशेबानं वाळूची तीन पोती पुरत होती.

त्या तीन पोत्यांच्या भरवशावर त्यांनी हौसाबाईला गाडीत घातलं. कसं राजी केलं देव जाणे. ती खेप मी मिरजेच्या दवाखान्याच्या दारात पाहिली. जीप थांबली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती नवऱ्याशी बोलली नाही. मला एवढंच म्हणाली, "दादा, ह्यास्नी सांगा, पुन्यांदा इचारू नगा."

हवालदार तिथल्या कट्ट्यावर बसले. मी शेजारी बसलो. बराच वेळ ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. आपलं गणित चुकलं याचं दुःख होतं, की आपण तिला फसवून आणलं याचं, ते मी विचारलं नाही. मग एकाएकी ते म्हणाले, "आण्णा, काटा खोटा हाय तुमचा."

असं वाक्य आडत्याला तोंडावर म्हणणं म्हणजे त्याच्या कुळाचा उद्धार करण्यासारखंच. मला राग आला आणि मी तो दाखवलाही. पण त्यांनी दुसऱ्या दिवशी पाटा आणि शॉकअप वगळून पुन्हा एका बाजूचे भाग सोडवले, सगळे एकत्र साखळीनं बांधले आणि हमालांकरवी एकदम फळीवर चढवले. मल्लाप्पानं आकडा सांगितला. हवालदार म्हणाले, "सुटं सुटं तोललं तवा बेरीज कमी. एकदम चडवलं तर जास्ती. लोखंड एकमेकांशेजारी बसलं की फुगतं व्हय?"

मल्लाप्पा शांतपणे म्हणाला, "कडता धरला की. दर नगाला."

कडता म्हणजे काय ते बाजाराबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पोत्याचं बारदान, आतली माती, ओल यापोटी दर पोत्याच्या वजनातून आम्ही थोडं वजा करतो. तो आमचा पिढीजात रिवाज. मल्लाप्पाच्या जिभेला त्याची इतकी सवय, की काट्यावरचा आकडा तो कधी उच्चारतच नसे. कडता वजा होऊनच शब्द बाहेर पडायचा. त्यानं प्रत्येक नगाला कडता लावला होता. चाकाला लावला, ड्रमला लावला, आणि शॉकअपचं तर अर्धंच वजन फळीवर, त्यातूनही कडता गेला.

"आरं गड्या, लोखंडाला कसला कडता?" हवालदार म्हणाले. "लोखंडात माती असती व्हय?"

"पोत्यात तरी रोज कुठं असती?" मल्लाप्पा म्हणाला. "पन धरतोच की."

हवालदार माझ्याकडे बघून पोटभर हसले. मी कानाची पाळी चोळत दुसरीकडे पाहिलं. आमच्या धंद्याचं वर्म इतक्या थोडक्यात त्याआधी कुणी उघडं केलं नव्हतं.

सगळं पुन्हा तोललं. या वेळी आकडा मी स्वतः वाचला. भुईचं वजन बरंच वाढलं आणि तीन पोती कुठल्या कुठे राहिली. आता तर जीपचा मागचा भाग भरून जाईल एवढा भार हवा होता. तेवढी पोती घातली तर हौसाबाईला झोपवायचं कुठे, आणि वळणावर एखादं पोतं अंगावर सरकलं तर काय करायचं? हवालदारांनी यावर काढलेला तोडगा ऐकून मी त्यांच्यापुढे हात जोडले. त्यांनी भावकीतल्या बायका भरायच्या ठरवल्या.

बायकांना आधी वाटलं मिरज बघायला मिळणार, म्हणून त्या हौसेनं तयार झाल्या. मग हवालदार त्यांना घेऊन उंब्रजच्या एका वखारीतल्या काट्यापाशी गेले. तेव्हा त्यांतली हौसाबाईची थोरली जाऊ म्हणाली, "आमी काय हळद हाय व्हय, भावजी? काट्यावर कोन बी चडनार न्हाई." तेव्हा हवालदारांनी नुसत्या नजरेनं अंदाज घेतला आणि कुणी आक्सलच्या बरोबर वर बसायचं, कुणी कडेला, हे ठरवलं. थोरल्या जावेला मधली जागा मिळाली. तिनं तो मान समजला.

या बायकांपुढे हौसाबाईला नाही म्हणता आलं नाही. आणि त्या खेपेला ती कण्हली नाही. पुढच्या खेपेलाही नाही. हवालदार आनंदानं नुसते फुलून आले होते. दर वेळी मिरजेहून परतताना ते आमच्या घरी जेवायला थांबत आणि माझ्या बायकोला तीच कथा सांगत. "वैनी, इस्लामपूर सोडलं, तुंग सोडलं, मागनं एक हुंकार न्हाई. निस्त्या गप्पा. म्या मनात म्हनलं, ज्ञानू, रेडा वर आला." मलाही खरंच वाटायचं की, आपल्या काट्यानं एका बाईची पाठ सावरली. मी दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगतही असे.

शेवटी प्लास्टर निघालं. हौसाबाई पातळसा पट्टा बांधून, भिंतीला धरून का होईना, स्वतःच्या पायांनी आमच्या सोप्यात चालत आली. त्या दिवशी माझ्या बायकोनं पुरण घातलं होतं. पहिल्या घासालाच हवालदारांची कथा सुरू झाली. ती संपत आली तशी हौसाबाई ताटातच बघत म्हणाली, "तुमी म्हंता तसं न्हाई ते. दुकत हुतंच."

हवालदारांचा हात थांबला. "किती?"

"पयल्यावानीच. जावा-भावजया बसल्याल्या. त्यांच्याम्होरं कन्हू कशी? गावभर झालं असतं. पदर दातात धरून पडायची."

माझी बायको तुपाची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मला वाटलं, हा माणूस आता ताटावरून उठणार. ते उठले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मंग एवडं दुकत हुतं तर आलीस कशापायी?"

"दारात चाकं मांडून बसायचा तुमी. हातं सोलून निघाली हुती. ते बघून न्हाई म्हनवंना."

त्यावर हवालदारांनी मान हलवली आणि पुरणपोळी खाल्ली. निघताना मला एवढंच म्हणाले, "आण्णा, ह्या बारीला कडता तिनं धरला."

मला वाटलं, हा विषय इथे संपला. बायको बरी झाली होती, लोखंड जागच्या जागी गेलं होतं. पण महिना-दोन महिन्यांनी एका सकाळी ते पुन्हा खांद्यावर चाक घेऊन दुकानात हजर. मी म्हटलं, "आता कुणासाठी?"

"दुकनं काय माज्याच घरी वस्तीला हाय?" ते म्हणाले. "डोंगराकडनं किती मानसं मिरजेला येत्यात, साताऱ्याला जात्यात. पाय मोडल्याली, अडल्याल्या बाया. म्या चुकलो कुठं, ते कळलं पायजे."

ते कुठे चुकले होते हे त्यांना जवळजवळ वर्षभर धडपडल्यावर सापडलं. सगळी गाडी मऊ करायची गरजच नव्हती, एक माणूस मऊ ठेवला की पुरे. त्यांनी जीपच्या टपाच्या नळ्यांना ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या आणि त्यांवर स्ट्रेचर टांगलं, जशी बाळाची झोळी टांगतात तसं. खालच्या रेड्याची धडक आधी पाट्यात मरायची, उरलेली ट्यूबमध्ये. झोळीत कोण आहे त्या मानानं पट्ट्या कमीजास्त ताणाव्या लागत, म्हणून रोगी उचलून ठेवताना ते त्याला क्षणभर हातांवर तोलत. त्यांची ती जुनी खोड अखेर कामाला आली. त्या भागातली किती माणसं त्या झोळीतून दवाखान्यात गेली याची मोजदाद नाही. पेट्रोलपुरतं कुणी दिलं तर घेत.

एक नियम मात्र त्यांनी कडक केला होता. मागे झोळीपाशी नातेवाईक बसवायचे नाहीत. फार तर पुढे बसा, नाहीतर एस्टीनं या. लोक रागवत, बायका रडत, पण ते ऐकत नसत. रोग्याला झोळीत ठेवलं की ते त्याच्या कानाशी वाकत आणि म्हणत, "हितं तुजं कोन बी न्हाई. दुकलं तर लाजू नगंस, बेस वरड. वरडल्याबिगर मला कळत न्हाई." मग गाडी चालवताना त्यांचा एक कान मागे असे. कुठे आवाज आला, कुठे नाही, यावरून घरी जाऊन ते पट्ट्या बदलत. माझी आई घसरून पडली तेव्हा मी त्यांना निरोप धाडला होता. सांगलीहून मिरजेला ते तिला घेऊन गेले आणि तिला सुनेसमोर कधी न काढलेला आवाज काढू दिला. नंतर आई म्हणाली, "बरं वाटलं बाई. मोकळेपणी ओरडायला मिळालं."

झोळी बांधल्याला दहाएक वर्षं होत आली होती तेव्हा स्वतः हवालदारांच्या पोटात आतडं फुटलं. पोट लाकडासारखं कडक झालेलं, अंगाला बोट लावू देत नव्हते. त्यांच्या भावाच्या मुलानं जीप काढली आणि त्यांना त्यांच्याच झोळीत घातलं. हौसाबाई मागे चढली. पुतण्यानं नियमाची आठवण दिली, तर म्हणाली, "नियम ऱ्हाऊ दे तुजा," आणि झोळीपाशी खाली बसली. पुतण्यानं मला सांगितलं ते असं की, निघताना तीच त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "वरडा हं, लाजू नगा." गाव ते मिरज, मागून एक आवाज आला नाही. इतकं शांत की, काका जिवंत आहेत ना ते तो दोनदा गाडी थांबवून बघून आला.

मिरजेत दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले. शस्त्रक्रियेला वेळ राहिला नव्हता. मी बायकोला घेऊन त्यांच्या गावी पोचलो तेव्हा पुतण्या पुरुषांच्या घोळक्यात सांगत होता की, काकांनी झोळी एवढी नामी बनवली होती, की त्यांना स्वतःला रस्ता कळलासुद्धा नाही. लोक माना डोलवत होते. मलाही ते खरं मानावंसं वाटत होतं. वर्षानुवर्षं आकड्यांच्या मागे लागलेल्या माणसाला शेवटी तेवढं मिळालं असेल, तर मला हवंच होतं.

परतीच्या वाटेवर एस्टीत माझी बायको माझ्या शेजारी होती. तिकडे घरी ती आत बायकांत बसली होती. कराड मागे पडल्यावर ती म्हणाली, "बांगड्या फोडायला थोरली जाऊ पुढे झाली. डावा हात झाला, उजवा हात पुढे घेतला, तर त्यात फोडायला एकही बांगडी नव्हती. मनगटावर सगळ्या काचेच्या जखमा होत्या, त्यांवर हळद लावलेली. जाऊ विचारायला लागली, अगं, ह्या कधी फुटल्या? तर हौसाबाई म्हणाली, उंब्रजच्या अलीकडंच. त्यांनी हात धरला हुता."